क्लासला पाच स्टार, फाइलला एक, आणि माझा फोटो कॅनडाच्या झेंड्याखाली

वर्षभराने दिवाळीला नाशिकला आलो, आईला घेऊन रिक्षाने कॉलेज रोडला खरेदीला चाललो होतो, कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि आई माझ्या मांडीवर फटका मारून ओरडलीच, अरे हा तू! वर बघितलं तर खरंच मी. बारा बाय आठचा फ्लेक्स, त्यावर एकाच निळ्या ब्लेझरमधली अकरा डोकी, खालच्या ओळीत डावीकडून दुसरा मी, दात काढून. आणि सगळ्यांच्या वर मॅपलचं लाल पान आणि मोठ्या अक्षरात "कॅनडा पीआर सक्सेस स्टोरीज", म्हणजे तिकडे कायमचं राहायला मिळालेली माणसं. आईने दोनदा वाचलं आणि विचारलं, तू जर्मनीत आहेस ना रे, मग इथं कॅनडा का लिहिलंय? रिक्षावाले काका मागे वळून म्हणाले, कॅनडा कॉर्नरला लावलाय म्हणून असेल ताई.

रिव्ह्यू लिहायचं वर्षभर मनात होतं, आळस केला, पण हा फ्लेक्स बघितल्यावर त्याच रात्री लिहायला बसलो. परदेशात पाठवायचं पॅकेज विकणाऱ्या त्या कन्सल्टन्सीचं नाव लिहीत नाही, पैशांचं भांडण अर्धंमुर्धं मिटलंय आणि मला परत ते उकरायचं नाही. कॉलेज रोड-गंगापूर रोडवर अशी बरीच ऑफिसं आहेत, काचेचा दरवाजा, एसी फुल्ल, भिंतीवर पाच देशांचे झेंडे, टेबलावर फिरणारा पृथ्वीचा गोल. तुम्ही ज्यात जाल त्यात काय बघायचं तेवढं कळलं तरी बास.

माझं थोडक्यात. डिप्लोमा मेकॅनिकल, मग इथल्याच कॉलेजमधून पुणे विद्यापीठाची बीई, मग अंबडला एमआयडीसीत सहा वर्षं क्वालिटीत, सीएमएमवर (पार्टची मापं तपासायचं मशीन). सहा वर्षांनी हातात पगार एकतीस हजार. कंपनीतली मशीन जर्मन, मॅन्युअलचं इंग्रजी असं की वाचून जास्त गोंधळ व्हायचा, आणि वर्षातून एकदा त्यांचा सर्व्हिस इंजिनियर यायचा तेव्हा आमचे मॅनेजर त्याच्यामागे चहा घेऊन फिरायचे. तो माझ्याच वयाचा होता. डोक्यात किडा तिथून शिरला. जून २०२३ ला मी त्या काचेच्या दरवाजातून आत गेलो.

काउन्सेलिंग फ्री असतं, म्हणजे पैसे नंतर घेतात. टायवाले एक सर होते, वय पंचवीस-सव्वीस, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "बजेट किती आहे?" शिक्षण काय, काम काय हे सगळं नंतर. मी आकडा सांगायच्या आत त्यांनीच कॅल्क्युलेटर काढून सांगितलं, ए टू झेड पॅकेज १ लाख ८५ हजार, तीन हप्त्यांत ६०, ६० आणि ६५, त्यात जर्मन भाषेच्या ए-वन ते बी-वन या पायऱ्या चार महिन्यांत, सीव्ही, कागदपत्रांचं एपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून सरकारी शिक्का), व्हिसा फाइल, नोकरी आणि एअरपोर्टला सोडायला गाडी. बाहेर बोर्डावर "१००% जॉब गॅरंटी". ॲग्रीमेंटमध्ये मात्र "जॉब सर्च असिस्टन्स" आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात "प्रोफेशनल चार्जेस नॉन रिफंडेबल". मी वाचलं होतं बरं का, वाचूनच सही केली, कारण शेजारी पप्पा बसले होते आणि ते सरांना म्हणत होते आमचा मुलगा हुशार आहे हो. अशा वेळी माणूस मुंगीएवढी अक्षरं काढून बसत नाही.

आता क्लासबद्दल, कारण याच एका गोष्टीसाठी मी तिथं परत गेलो असतो.

शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या पन्नाशीच्या पुढच्या, स्वतः पुण्याला मॅक्स म्युलर भवनात शिकलेल्या, मग बरीच वर्षं एका कंपनीत ट्रान्सलेशन केलेलं. सकाळी सात ते नऊ बॅच, म्हणजे फर्स्ट शिफ्टवाल्यांचे वांधे, मी सेकंड शिफ्ट मागून घेतली. बावीस जण होतो सुरुवातीला, बी-वनपर्यंत सात राहिलो. पहिल्या दिवशी सगळे इंग्रजीच्या वह्या घेऊन आलेले, मॅडम म्हणाल्या ते इंग्रजी ठेवा बाजूला, मराठीतून विचार करा, लवकर येईल. आम्हाला वाटलं उगाच आपलं मराठी अभिमान वगैरे. पण त्यांनी फळ्यावर आकडे लिहिले. इंग्रजीत पंचवीस म्हणजे ट्वेंटी-फाइव्ह, आधी वीस मग पाच. जर्मनमध्ये फ्युन्फ-उन्ड-त्स्वान्त्सिश, पाच आणि वीस, आपलं पंच-वीस! सत्तावीस तसंच, बेचाळीस तसंच. एका तासात आख्खी बॅच शंभरपर्यंत, आणि शेजारच्या रूममधले इंग्लिश मीडियमवाले पुढच्या आठवड्यापर्यंत टेलिफोन नंबर उलटे लिहीत होते.

मग लिंग. डेर, डी, डास. यूट्यूबवर बघाल तर सगळे रडतात की वस्तूंना कसलं आलंय लिंग. मॅडम म्हणाल्या तुम्ही काय रडता, तुमच्याकडे तो ती ते आहेच की, टेबल "ते" का आणि खुर्ची "ती" का हे कधी आईला विचारलं होतं का? फक्त आपल्यासारखी लावू नका एवढंच. त्यांचा चंद्र पुरुष, तो बरोबर, पण सूर्य बाई, डी झोने. आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी, डास मेडशन. त्यावर मागच्या बेंचवरचा इगतपुरीचा एक पोरगा म्हणाला, आमच्या घरीपण बहिणीला "ते पोरगं कुठंय" असंच म्हणतात. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला.

क्रियापद शेवटी जाणं हेही तसंच. वाइल म्हणजे "कारण", ते आलं की क्रियापद वाक्याच्या टोकाला, "कारण मी आज दमलेलो आहे", आपलं नेहमीचंच वाक्य. आणि तो यू वरचे दोन टिंब, त्याला त्यांनी सांगितलं ओठ "ऊ" चे करा आणि आतून "ई" म्हणा. आम्ही बावीस जण सकाळी सव्वासातला चंबू करून ई ई करतोय आणि खाली दूधवाला थांबून वर बघतोय, हे मला अजून आठवतं.

पण चार महिन्यांत बी-वन होतं का? नाही. गोएथेवाले (म्हणजे मॅक्स म्युलर भवनवालेच, परीक्षा तेच घेतात) स्वतःच सांगतात की बी-वनला साधारण ३५० ते ६५० तास लागतात, तेही पंचेचाळीस मिनिटांचे. आमचा क्लास रोज दोन घड्याळी तास, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे आठवड्याला जेमतेम तेरा तासिका. करा हिशोब, कमीत कमी सहा महिने, आणि ते तुम्ही घरी अभ्यास केला तर, गणपती-नवरात्र-दिवाळी नसेल तर. मॅडमनी हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मांडून दाखवलं, सरांच्या कानावर गेलं, मग म्हणे दोघांचं वाजलं. मला आठ महिने लागले.

परीक्षा नाशिकला नाही, पुण्याला. पहाटेची एसटी, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये घामाघूम, आणि मग हॉलमध्ये बसून लेझन, होरन, श्रायबन, श्प्रेशन, म्हणजे वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. बी-वनला चारही भाग वेगवेगळे धरतात, प्रत्येकात शंभरपैकी ६० पाहिजेत. मला बाकी तीन भागांत सत्तरच्या पुढे आणि होरनमध्ये ५४. रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट होती, प्लॅटफॉर्म बदलला एवढंच कळायचं होतं आणि मी जुन्याच प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो. बरं एक की तेवढा एकच भाग परत देता येतो. मॅडमनी मग महिनाभर मला रोज संध्याकाळी जर्मन रेडिओच्या बातम्यांची लिंक पाठवली, पाच मिनिटं ऐकायचं आणि कळलेली तीन वाक्यं मराठीत व्हॉइस नोट करून पाठवायची. त्याची वेगळी फी नाही, काही नाही. मार्च २०२४ ला ७३ घेऊन सुटलो. मॅडमना पाच स्टार, जास्त देता येत असते तर दिले असते. त्या आता तिथं शिकवत नाहीत.

आता फाइल डिपार्टमेंट. इथं मात्र चहा घेऊन बसा.

दुसरा हप्ता भरला तसं मला फाइलवाल्या टेबलावर पाठवलं. पहिलं काम एपोस्टिल. म्हणे डिग्री आणि मार्कशीटला मंत्रालयातून आणि मग दिल्लीवरून शिक्का लागतो, पॅकेजमध्ये आहे पण "गव्हर्नमेंट फी" वेगळी, ९ हजार. दिले. मग एका रात्री सहज जर्मन दूतावासाची वेबसाइट वाचत होतो (ही सवय आधीच लावून घ्यायला हवी होती) तर तिथं लिहिलेलं की भारताचं एपोस्टिल जर्मनीला चालतच नाही. भारत एपोस्टिलच्या हेग करारात २००५ ला आला, जर्मनीने तेव्हाच हरकत घेतली, त्यामुळे दोन देशांमध्ये ते लागूच नाही. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून नेली. टेबलावरची ताई म्हणाली, सर आम्ही सगळ्यांचंच करतो, फाइल वजनदार दिसते. वजनदार! नऊ हजाराचा पेपरवेट.

दुसरं मोटिव्हेशन लेटर. त्यांनी मला पीडीएफ पाठवली, "फायनल, साइन करून द्या". पहिली ओळ अशी की लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड आहे. मी मेकॅनिकलचा माणूस, रक्त बघितलं की मला घाम फुटतो. खाली स्क्रोल केलं तर सहीच्या जागी आमच्याच बॅचमधल्या एका सिस्टरचं नाव. मी तिला फोन केला, ती म्हणाली अरे मग माझ्या पत्रात ते कॉलिब्रेशनचं का लिहिलंय ते आत्ता कळलं.

तिचं प्रकरण माझ्यापेक्षा वाईट खरं तर. तिला सांगितलेलं बी-वन बास. पण तिकडे पूर्ण नर्स म्हणून काम करायचं तर आपल्या डिग्रीची तिकडची मान्यता लागते आणि भाषा साधारण बी-टू, म्हणजे बी-वनच्या पुढची पायरी, तोपर्यंत मदतनीस म्हणून. हे तिला पैसे भरल्यावर कळलं. आणि नर्सेसना बऱ्याच ठिकाणी भाषेचा, प्रवासाचा खर्च हॉस्पिटलच करतं. केरळमधून ट्रिपल विन नावाच्या योजनेत नर्सेस जातात, त्यात जर्मन सरकारी खातं आणि केरळ सरकार दोघं आहेत आणि नर्सकडून नेमणुकीचे पैसे घेत नाहीत. आमची सिस्टर १ लाख २० हजार देऊन बसलेली. आता ती स्वतः बी-टू करतेय, मॅडमकडेच.

तिसरी गोष्ट ब्लॉक्ड अकाउंट, आणि इथं आमच्या घरात खरोखर रडारड झाली. १ जून २०२४ पासून जर्मनीचं ते चान्सनकार्टं सुरू झालं, नोकरी शोधायला वर्षभराचा व्हिसा, शिक्षण-अनुभव-भाषा-वय असे पॉइंट्स मोजतात, सहा झाले की अर्ज करता येतो, तिकडे आठवड्याला वीस तास पार्टटाइम चालतं. योजना चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून दाखवायचे, तेव्हा महिन्याला १,०२७ युरो, म्हणजे वर्षाचे १२,३२४ युरो, रुपयांत अकरा लाखांच्या पुढे. सरांनी घरी फोन करून पप्पांना सांगितलं, अकरा लाख भरा, मुलगा दोन महिन्यांत जर्मनीत. पप्पांना वाटलं ही फी आहे. ते रात्री जेवताना एकदम शांतपणे म्हणाले, पाथर्डी फाट्याचा प्लॉट काढू. आईने ताट सरकवलं. मला दोन तास लागले समजवायला की ते पैसे आपलेच असतात, आपल्याच नावावर असतात, तिकडे गेल्यावर महिन्याला थोडे थोडे मिळतात. आणि त्याहून महत्त्वाचं, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट हातात असेल तर मुळात ते लागतच नाहीत. हे एक वाक्य सरांनी फोनवर सांगितलं असतं तर आमची ती रात्र वाचली असती.

मग मी ठरवलं आपलं आपणच बघायचं. आणि गंमत म्हणजे सगळं फुकट आणि उघड्यावर पडलेलं आहे. अनाबिन नावाची जर्मन साइट आहे, त्यात आपलं विद्यापीठ शोधायचं, एच प्लस (म्हणजे तिकडे मान्य) दिसलं की अर्धी लढाई झाली, पुणे विद्यापीठ आहे. मग आपली डिग्री त्यात दिसते का बघायचं, दिसली तर दोन्हीची प्रिंट, नाही तर त्यांच्या झेडएबी नावाच्या खात्याकडून सर्टिफिकेट मागवायचं, त्याला २०८ युरो. नोकऱ्यांसाठी मेक इट इन जर्मनी म्हणून त्यांच्या सरकारचंच पोर्टल आहे आणि त्यांच्या रोजगार खात्याचा जॉबबोर्ड. कन्सल्टन्सीने मला सहा पानी सीव्ही बनवून दिलेला, त्यात वडिलांचं नाव, धर्म, छंद म्हणजे क्रिकेट बघणे. मी तो दोन पानांवर आणला आणि मॅडमनी जर्मन तपासून दिलं.

एकशे चाळीस अर्ज केले. नऊ उत्तरं आली, त्यातली सहा "सॉरी". तीन इंटरव्ह्यू, एक ऑफर, स्टुटगार्टच्या बाजूची साठेक माणसांची कंपनी, मोठं नाव नाही, पण सीएमएमवाला माणूस त्यांना खरोखर हवा होता. मॅडमनी बी-वनच्या शेवटी आमच्याकडून आपापल्या कामाचे पन्नास शब्द पाठ करून घेतलेले, त्यात माझा पहिलाच शब्द कोऑर्डिनाटनमेसगेरेट, म्हणजे आपलं सीएमएम. इंटरव्ह्यूत मी तो न अडखळता म्हटला तेव्हा समोरचा म्हातारा बॉस खुर्चीत पुढे सरकून बसला, ते व्हिडिओ कॉलवर पण दिसलं. पगार वर्षाला ४६,८०० युरो. तेव्हा ब्लू कार्डला (डिग्रीवाल्या परदेशी नोकरदारांचा व्हिसा) सर्वसाधारणपणे कमीत कमी ४५,३०० पगार लागायचा, म्हणजे थोडक्यात पण बसलो. ब्लू कार्डला भाषेची अट नाही, पण भाषेशिवाय ही साठ माणसांची कंपनी मला मिळाली नसती, आणि बी-वन असेल तर २१ महिन्यांत कायमचं राहायची परवानगी मागता येते, नुसतं ए-वन असेल तर २७.

व्हिसाला मुंबई. पंचवटी एक्सप्रेस, खिडकी, मांडीवर फाइल. ऑफर, कंपनीने भरलेला नोकरीच्या माहितीचा फॉर्म, अनाबिनच्या प्रिंट, डिग्री, इन्शुरन्स, फोटो आणि ७५ युरोची फी रुपयांत. काउंटरवरच्या मुलीने दहा मिनिटांत कागद लावून घेतले. कसाऱ्याला गाडीत वडा खाताना पासपोर्टशिवाय खिसा हलका वाटत होता. तो पासपोर्ट छापला गेला आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, देशभरातले तिथंच छापतात, आणि आपण मात्र शिक्का मारायला त्याला घेऊन मुंबईला जायचं.

मधल्या काळात तिसऱ्या हप्त्यासाठी फोन सुरू झाले, ६५ हजार. मी विचारलं नोकरी मी शोधली, फाइल मी लावली, कशाचे? मग मी जरा माहिती काढली. परदेशात नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली रिक्रूटिंग एजंटची नोंदणी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्यांची यादी उघडी आहे, आणि अशा एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी घेता येतो. सरांना नंबर विचारला. ते म्हणाले आम्ही रिक्रूटमेंट करत नाही, आम्ही गायडन्स देतो. मी म्हटलं मग बाहेर जॉब गॅरंटी कसली लिहिलीय? ते म्हणाले ती मार्केटिंगची लाइन आहे. असं थेट तोंडावर. मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं भो.

मी एपोस्टिलची पावती, दुसऱ्याच्या नावाचं पत्र आणि बोर्डाचा फोटो जोडून लेखी नोटीस दिली, खाली लिहिलं पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी नाही, ऑनलाइन करता येते, वकीलही सक्तीचा नाही, आणि आधी नुसतं विचारायचं असेल तर १९१५ वर फोन. तीन आठवड्यांनी ४५ हजार परत आले आणि तिसरा हप्ता विसरले. म्हणजे माझे गेले ७५ आणि ते नऊ वेगळे. मॅडमच्या क्लासचे म्हणून ७५ मी समजून घेतो. नऊचं अजून दुखतं.

एवढं होऊनसुद्धा निघायच्या आठवड्यात मला "प्री-डिपार्चर सेमिनार"ला बोलावलं आणि मी गेलो, फुकट आहे म्हणून. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, त्यात वीस मिनिटं फोटो. ब्लेझर ऑफिसचाच, एकच, निळा, मापाने डबल एक्सेल. प्रत्येकाने घालायचा, मागून ताई बायंडर क्लिपा लावून कंबरेला घट्ट करणार, पुढून फोटो. पाठीत दोन क्लिपा टोचत असताना काढलेलं ते माझं हसू आहे, फ्लेक्सवरचं.

जे सांगायला हवं होतं ते कोणी सांगितलं नाही. तिकडे घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत पालिकेत नोंदणी करायची असते आणि त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो. माझ्या पहिल्या तात्पुरत्या रूमच्या मालकाने तो कागद द्यायला सरळ नकार दिला, मला महिनाभरात दुसरी रूम शोधावी लागली, तिला डिपॉझिट तीन महिन्यांचं भाडं. ३,९०० चा महिना पगार हातात अडीच हजारांच्या आसपास येतो, टॅक्स, पेन्शन, आरोग्य विमा सगळं कापून, आणि तुमच्याकडे टीव्ही असो नसो, घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट रेडिओ-टीव्हीचे. रविवारी सगळी दुकानं बंद असतात हे मला पहिल्याच रविवारी सकाळी दुकानासमोर उभं राहून कळलं. तो दिवस कोंडाजी चिवड्याच्या पुड्यावर काढला, आईने जबरदस्तीने बॅगेत कोंबलेला, एअरपोर्टवर वजन जास्त होत होतं तर मी तो काढून ठेवणार होतो.

कोणाला वाटेल मी जाऊ नका म्हणतोय. जा की. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्र सरकारनेच जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केलाय, ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीयांचे स्किल्ड व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजार करायचं जाहीर केलं. त्यामुळे कॉलेज रोडला फ्लेक्स वाढलेत ते बरोबरच आहे, गिऱ्हाईक आहे. फक्त कोणाला पैसे द्यायचेच असतील तर भाषा शिकवणाऱ्याला द्या, महिन्याच्या महिन्याला, एकरकमी पॅकेज नको, आणि आधी एक डेमो लेक्चर बसून बघा, शिकवणारे कोण ते बघा, टायवाल्या सरांकडे बघू नका. फाइलसाठी दूतावासाची चेकलिस्ट उघडा.

रेटिंग सांगायचं तर मॅडमचा क्लास ५, रूमचा पंखा २ (तिसऱ्या बेंचला वारा येत नाही), फाइल डिपार्टमेंट १, तोही एसीसाठी, जॉब गॅरंटी शून्य.

परवा फ्लेक्ससाठी ऑफिसला गेलो. टायवाले सर आता केबिनमध्ये बसतात. मला बघून उठून मिठीच मारली, म्हणाले अरे वा, बरं झालं आलास, एक मिनिटाची व्हिडिओ बाइट दे ना. मी म्हटलं फोटो काढा, मी कॅनडाला गेलेलो नाही. ते म्हणाले प्रिंटरवाल्याची चूक आहे, जर्मनीचा वेगळा होता, झेंडा तेवढा चुकला. मी म्हटलं झेंडा नको, मीच नको. त्यांनी बोलावलेला पोरगा काल संध्याकाळी सिग्नलला शिडी लावून माझ्या चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवत होता, खाली नाव तसंच. दहा आनंदी माणसं आणि एक कोरा चौकोन, निळ्या ब्लेझरमध्ये.

आईने मात्र आदल्या दिवशीच रिक्षा थांबवून त्याचा फोटो काढून आणलाय आणि मावशीला पाठवलाय. मी चिडलो तर म्हणते, असू दे रे, कोट छान दिसतोय तुला, फक्त खांद्यात जरा सैल आहे.